झाकण सोडून कुंकू

"झाकणाला नको गो लावू कुंकू. बाकी कुठंबी लाव. तिथं नको."

मामंजींचा हा आवाज माझ्या कानात अजून तसाच आहे. खंडेनवमीचा दिवस, अंगणात धुऊनपुसून उभी केलेली गाडी आणि तबक घेतलेली मी, नवी सून. चाकांना, दिव्यांना, दारांना हळदकुंकू लावत मी मागे पेट्रोलच्या टाकीपाशी आले आणि बोट झाकणाला टेकणार एवढ्यात ते ओट्यावरून बोलले. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पेट्रोल म्हणजे आगीचं घर, तिथं कुंकू कसलं लावायचं, अशी मी माझी समजूत घातली. पुढं दरवर्षी झाकण तेवढं सोडून पूजा करत राहिले.

गाडी म्हणजे ट्रक, पण लहान चणीचा. जीपच्या घराण्यातला, चारही चाकं ओढणारा. तोंड अगदी चपटं. इंजिन पुढं नाही तर आत, चालवणारा आणि शेजारी बसणारा यांच्या मधल्या पेटीखाली, त्यामुळं उन्हाळ्यात पाय भाजायचे. कपाळ मोठं, डोळे बारीक, रंग राखी. गावानं तिचं नाव हत्तीण ठेवलं होतं. मामंजींनी, म्हणजे हैबतरावांनी, ती सरकारी लिलावातून आणली तेव्हा लोक हसले होते म्हणे. पण पावसाळा लागला की त्यांनाच तिची आठवण व्हायची. हमरापूरच्या कारखान्यांतून गणपती उचलायचे आणि जिथं दुसरी गाडी शिरत नाही तिथं पोचवायचे, हे मामंजींचं ठरलेलं काम. आमच्या कासूकडची भातशेती बरी, पण खाडीकडची खारजमीन पावसात नुसती लोण्यासारखी होते. पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत.

तिकडं जाताना मामंजी मला शेजारी बसवायचे. घरातलं माणूस देवाबरोबर हवं, हे एक. दुसरं असं की गिअरच्या दांड्याजवळ आणखी दोन आखूड दांडे होते. त्यातला एक ओढला की पुढची चाकंही जोर लावायची. तो दांडा त्यांनी माझ्याकडे सोपवला होता.

"डांबर संपलं की वढ. चिखलात शिरल्यावर वढून उपेग नाय. तू ध्यानात ठेव. म्हैपती कंपनीतून येतो तो निम्मा झोपेतच असतो, त्याला सांगून काय होणार?"

म्हैपती म्हणजे महिपती, माझे यजमान. रोह्याच्या कंपनीत शिफ्टची नोकरी. तिथल्या यंत्रांच्या घरघरीनं हळूहळू त्यांचे कान गेले. बोललेलं ऐकू येतं, पण भांड्याची बारीक किणकिण, पाखराची शीळ, हे त्यांच्यासाठी कधीच संपलं.

मामंजी गेले आणि हत्तीण पडवीच्या छपराखाली उभी राहिली ती राहिलीच. कोंबड्या तिच्या सीटवर अंडी घालू लागल्या. आमचं त्यात काही अडलं नाही. अडलं ते धाकट्या खारेचं. मिठागरावर काम करणाऱ्यांची ती वाडी, बांधावरून गेलं की दिसते. आमच्याकडं अनंत चतुर्दशीनंतरच्या संकष्टीला पुन्हा गणपती बसतात, त्यांना साखरचौथीचे गणपती म्हणतात. वाडीचा असा एकच गणपती, सगळ्यांचा मिळून, आणि तो हत्तिणीतून जायचा. मामंजींच्या मागं वाडीच्या माणसांनी तो डोक्यावरून न्यायला सुरुवात केली. एका वर्षी बांधावर पाय घसरला आणि मूर्ती चिखलात गेली. मूर्तीचा हात दुखावला. तसली मूर्ती बसवत नाहीत. नमस्कार करून तिथंच खाडीत सोडली. त्यानंतर वाडीनं सुपारी मांडूनच साखरचौथ केली, आणून परत भंगली तर काय करायचं, या धास्तीनं.

तिथली धोंडुबाई पेणच्या बाजारात जवळा घेऊन बसायची. मी दिसले की हाक मारायचीच.

"काय गो शकू, हत्तीण मेली का जिती हाय?"

"आहे."

"मंग उठव की तिला. सुपारीला काय सोंड अस्ती? पोरं इचारतात, बाप्पाची सोंड कुटं हाय?"

एकदा तिनं असंच विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हत्तीण उभी राहू दे धोंडुबाई, तुमचा गणपती मी आणून देईन."

मी मुळात कमी बोलते. कमी बोलणाऱ्या माणसाला बोललेलं फार दिवस पुरतं. दर संकष्टीला चंद्राला अर्घ्य देताना ते वाक्य मला आठवायचं.

यांची नोकरी संपली त्या थंडीत हे पहाटे उठून डबा शोधायचे. पहिल्या शिफ्टची सवय. मग लक्षात आलं की ओट्यावर जाऊन बसायचे, सूर्य डोक्यावर येईपर्यंत. मला ते बघवायचं नाही. संक्रांतीनंतर एका सकाळी ओट्यावर दिसले नाहीत. बघते तर हत्तिणीच्या पोटाखालून यांचे पाय बाहेर आलेले.

"काय करताय?"

"बघतो जरा."

ते बघणं पावसाळ्यापर्यंत चाललं. इंजिनाच्या पेटीतून उंदरांची तीन घरटी निघाली. चाकांच्या आतलं ग्रीस डांबरासारखं झालेलं, ते रॉकेलनं धुतलं. ब्रेकचे रबर, पाण्याचे पाईप, पेट्रोल ओढणारा पंप, सगळं बदललं. जो सुटा भाग मिळाला नाही तो यांनी कंपनीतल्या जुन्या दोस्तांकडून लेथवर करून आणला. माझी परात त्यात गेली. एकदा शेगडीवर बेअरिंग तापत असलेलं पाहून सरूनं, माझ्या जावेनं, विचारलं, "वैनी, आज नैवेद्याला हे हाय?" मी शेगडी धुऊन घेतली. यांच्या चेहऱ्यावर काळं ग्रीस होतं, पण डोळ्यांत वर्षानुवर्षांनी काहीतरी हलत होतं.

पत्र्याचं आणि रंगाचं काम रघूनं घेतलं. रघू यांचा शाळेपासूनचा दोस्त, हमरापूरला मूर्ती घडवणारा. आठवड्यातून एकदा रिकामा होऊन यायचा आणि हत्तिणीवर असा हात फिरवायचा जसा गणपतीच्या पोटावर फिरवावा. गंजलेला पत्रा घासायचा, खळग्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, पुन्हा घासायची, पुन्हा बोटानं चाचपायचं.

"रघू, ट्रक हाय तो. त्याला काय आरतीला बसवायचाय?" माझा दीर गुणाजी म्हणायचा.

"बसवायचं नाय तर नाय. पन माझ्या हातनं खडबडीत काय जाणार नाय."

जेव्हा राखी रंग पूर्ण झाला तेव्हा तिच्यात तोंड दिसत होतं. गुणाजीसुद्धा तिच्याभोवती दोनदा फिरून गेला.

गुणाजीचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्यानं भात झोडायची मळणीची मशीन घेतली होती. दसऱ्यानंतर कापण्या लागणार, त्याआधी मशीनला छप्पर हवं, आणि छप्पर एकच. तिथं हत्तीण.

"दादा, चालली तर मी आडवा येणार नाय. पन नारळी पुनवेपर्यंत चालली पायजे. पेणला जाऊन आली की झालं. नायतर पोपट भंगारवाल्याला बोलावतो, तुझी शपथ."

यांनी मान हलवली. मीही ऐकलं. माझ्यासाठी त्याचा अर्थ एकच होता. ही भंगारात गेली की धोंडुबाईला दिलेला शब्द गेला. आणि हे पुन्हा ओट्यावर बसायला लागले असते.

इंजिन तर पहिल्याच दिवशी सुरू झालं होतं. अंगणात फिरायची, बांधाला जायची. पण पेणच्या वाटेला लागली की कासूच्या स्टेशनाजवळ येऊन खोकायची आणि बंद पडायची. दरवेळी तिथंच, हात दोन हात इकडंतिकडं. हे उतरायचे, टाकीचं झाकण काढून आत काठी घालायचे, पेट्रोल आहे ना बघायचे. पेट्रोल असायचं. झाकण लावून परत किल्ली फिरवली की सुरू! मग पुन्हा थोडं अंतर, पुन्हा बंद. अशी रडतखडत घरी यायची.

स्टेशनावर रोह्याच्या गाडीची वाट बघणाऱ्या लोकांना फुकटची करमणूक झाली. गाडी दिसली की कुणीतरी ओरडायचं, "आली आली! हिला बी कासूला हॉल्ट हाय!"

"काका, सिग्नल पडला नाय काय अजून?"

गुणाजी तर म्हणायचा, "हिला पेट्रोल घालायला नको. काठीला लावून नुसतं दाखवलं की चालते."

यांनी पंप पुन्हा खोलला. पेट्रोलची नळी तोंडानं फुंकून साफ केली, दोन दिवस तोंडाला वास. कार्बोरेटर धुतला, कॉइल बदलली. पेणचा मेकॅनिक येऊन डोकं खाजवून गेला. "काका, सगळं बरोबर हाय," म्हणाला, "म्हणून तर कळत नाय."

नारळी पौर्णिमेला यांनी टाकी काठोकाठ भरली, नारळ वाढवला आणि पेणला निघाले. मी शेजारी बसले होते. त्या दिवशी तर कासूही आलं नाही, त्याच्या अलीकडेच ती थांबली. यांनी स्टीअरिंगवर दोन्ही हात तसेच ठेवले. खाली उतरले नाहीत.

"शकू," म्हणाले, "गुणाला सांग, पोपटला बोलाव म्हणावं."

मी पदर तोंडाशी धरला आणि बाहेरच्या भाताकडं बघत राहिले.

सोमवार ठरला. श्रावणातला सोमवार, माझ्या नेमाचा. चातुर्मासात मी रोज महादेवावर अभिषेक धरते आणि श्रावण सोमवारी नैवेद्य होईपर्यंत बोलत नाही. पिंडीवर तिवई, तिवईवर तांब्याचं अभिषेकपात्र, त्याच्या तळाला सुईएवढं छिद्र, तिथून थेंब थेंब पाणी. श्रावणात चिलटं फार. दूधपाण्यात पडून मरतात, मला ते पाप वाटतं. ताटली झाकून पाहिली तर फटीतून शिरायची. म्हणून त्या दिवशी मी पात्राच्या तोंडावर एक प्लास्टिकची पिशवी ताणून बसवली आणि काठाखाली दोऱ्यानं गच्च बांधली.

बाहेर पोपटचा टेम्पो आल्याचं कळलं. साखळीचा आवाज आला. देवघराची खिडकी पडवीकडंच, सगळं ऐकू येत होतं.

"काका, गाडी लई देखणी केलीय हो," पोपट म्हणत होता. "मला कापायला जिवावर येईल."

"मग नको कापू. अख्खी ने," गुणाजी म्हणाला, पण त्याच्या आवाजात रोजचा जोर नव्हता.

मी एकेक बेलाचं पान वाहत होते. मन पानावर नव्हतं. मग ध्यानात आलं की थेंब थांबलाय. पात्रात पाणी तर होतं, बाहेरूनच गार लागत होतं. छिद्रात कचरा अडकला म्हणून मी वाकून बघितलं, छिद्र स्वच्छ. वर बघितलं तर ताणून बांधलेली पिशवी आत ओढली गेली होती, उपासाच्या पोटासारखी खोल.

मी दोरा सैल केला. पिशवी फट्दिशी वर आली आणि थेंब पडायला लागला.

पुन्हा बांधली. थोडा वेळ पडला, मग पडेना. पिशवी पुन्हा आत.

सोडली. पडला.

आणि मला मामंजी ओट्यावरून बोललेले ऐकू आले. झाकणाला नको गो लावू कुंकू. त्यांनी दर दसऱ्याला ते झाकण हातात घेऊन बाभळीच्या काट्यानं काहीतरी टोकरलेलं मी पाहिलं होतं. मला वाटायचं, घाण काढतात.

हातातली पानं अजून राहिली होती. बाहेर पोपट विचारत होता, साखळी पुढनं लावू का मागनं. उठून ओरडावं असं वाटत होतं, पण हात तसाच चालू ठेवला, फक्त जरा लवकर लवकर. देवाला सगळं दिसत असतं, तो रागावला नसेल. नैवेद्य दाखवला, पाणी फिरवलं आणि ओल्या पदरानिशीच पडवीत गेले.

"थांबा जरा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी एरवी बाहेरच्या माणसांत बोलत नाही. यांनी कानाशी हात नेला. "काय म्हणतेस?"

मी मोठ्यानं म्हटलं, "गाडी सुरू करा. जागेवरच. आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. झाकणाला कुणी हात लावू नका."

"वैनी, आता काय उपेग?" गुणाजी म्हणाला.

"पोपटभाऊ चहा पितील तोपर्यंत."

"मी पितो की," पोपट खाली बसलासुद्धा.

सरूनं चहा ठेवला. रघूही त्या दिवशी आला होता, हत्तिणीला शेवटचं बघायला. आजारी माणसाला बघायला यावं तसा खांबाला टेकून उभा होता. इंजिन धडधडत राहिलं. चहा झाला. पोपटनं दुसरा मागितला. मला वाटायला लागलं की आज ही बंदच पडणार नाही आणि मी सगळ्यांसमोर खुळी ठरणार. मग तिनं एक उचकी दिली, दोन दिल्या, अंग झाडलं आणि थांबली.

"आता कुणी बोलू नका."

मी टाकीपाशी गेले आणि दोन्ही हातांनी झाकण फिरवलं. घट्ट बसलं होतं, निघेना. मग सुटलं आणि टाकीच्या तोंडातून आवाज आला, लांब, बारीक, सूंऽऽऽ करून, पाण्यातून वर आलेल्या माणसानं दम घ्यावा तसा.

गुणाजी ताडकन उठला. "दादा! हिनं श्वास घेतला!"

"काय? काय झालं?" हे एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. कासूला इतक्यांदा त्यांनी स्वतःच्या हातानं ते झाकण उघडलं होतं, पण शेजारून हायवेची वाहनं जात असायची आणि हे कान. मी त्यांना अभिषेकपात्राची गोष्ट सांगितली, हातवारे करून. पेट्रोल खाली गेलं की वरून तेवढी हवा आत यायला हवी, आणि ती यायला वाटच नाही.

यांनी झाकण हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं, नखानं चाचपलं. "बाबांच्या वेळचंच झाकण हाय. ह्याला मधोमध बारीक छिद्र होतं. मला पक्कं आठवतंय, होतं. गेलं कुठं?"

खांबाजवळून रघू हळू आवाजात म्हणाला, "मी बुजवलं."

"काय?"

"मी बुजवलं रे म्हैपती! लांबी भरली, घासली, वरनं रंगाचे दोन हात दिले. मला वाटलं गंजून पडलंय." त्यानं स्वतःच्या तोंडात मारल्यासारखं केलं. "सगळा जन्म मूर्तीची छिद्रं बुजवण्यात गेला. टाचणीएवढं राहिलं तरी गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. छिद्र दिसलं की माझा हात थांबतच नाय!"

"अरे मेल्या," गुणाजी म्हणाला, "तू माणसांचा धंदा केला नाहीस ते बरं. नाकंच बुजवली असतीस सगळ्यांची!"

पहिल्यांदा पोपट हसला, मग सरू, मग रघू स्वतःच. यांचं हसू सगळ्यांच्या मागून आलं, पण ते आलं ते थांबेना. खाली बसून डोळे पुसत हसत होते. मी पदराआड तोंड लपवलं. हसत होते की रडत होते, माझं मला सांगता येत नाही.

पोपटनं साखळी गोळा केली. "म्हंजे मी नुसता चहाच पिऊन जायचं?"

"जेवून जा," मी म्हटलं.

रघूनं बारीक तार तापवून ते छिद्र मोकळं केलं, डोळ्याला लावून आरपार उजेड दिसतो का बघितलं, मग प्रत्येकाला दाखवलं.

दुसऱ्या दिवशी पेणला नाही, उलट्या बाजूला, थेट रोह्याला निघालो. यांचीच इच्छा. गुणाजी आणि सरू मागे उभे. आधी कासूपर्यंत जाऊन वळायचं, हॉल्टवाल्यांना तोंड दाखवून, असं गुणाजीनं ठरवलं. स्टेशन आलं. लोक उभेच होते. कुणीतरी हात वर करून ओरडायला तोंड उघडलं. हत्तीण न थांबता समोरून गेली, वळली आणि पुन्हा समोरून गेली. "हॉल्ट रद्द झाला काय?" मागून आवाज आला. गुणाजी फाळक्यावर थापा मारत ओरडला, "फास्ट केली! फास्ट!"

नागोठणं गेलं. पावसानं धुतलेले डोंगर, रस्त्याच्या कडेनं पाणी. मी मनातल्या मनात जप करत होते आणि कान इंजिनाकडं होता. ते एका लयीत चाललं होतं. जपाची आणि त्याची लय कधी एक झाली कळलं नाही. रोह्यात धावीर महाराजांच्या देवळापाशी यांनी गाडी उभी केली, स्वतःच्या हातानं बंद केली आणि किल्ली काढून मला दाखवली. आपण होऊन बंद केलेली गाडी, एवढ्याचंही केवढं सुख. देवापुढं मी काही मागितलं नाही. नुसती उभी राहिले. हे शेजारी होते. बाहेर येताना म्हणाले, "इतकी वर्षं ह्या गावात शिफ्टला आलो. पण आज पहिल्यांदा आल्यासारखं वाटतंय."

घरी आल्यावर गुणाजी छपराखाली उभा राहून बराच वेळ विचार करत होता. मग म्हणाला, "दादा, हिला छप्पर कशाला? चालती गाडी ही. फणसाखाली ताडपत्री टाकू. मशीन हितं ठेवतो." थोडं थांबून, "आणि कापण्यांत मशीन ओढून न्यायला ट्रॅक्टर मागत कशाला फिरायचं? हिला जोडली तर?"

"आता आठवली व्हय हत्तीण?" सरू म्हणाली.

"मी कधी नाय म्हटलं होतं?"

गौरी-गणपती झाले. अनंत चतुर्दशी झाली. मी पेणच्या बाजारात मुद्दाम गेले. धोंडुबाईनं जवळ्यावरून माशा हाकलत नेहमीचा प्रश्न विचारला.

"काय गो शकू, मेली का जिती?"

"साखरचौथीला सकाळी बांधावर माणसं उभी कर," मी म्हटलं. "मूर्ती उतरवायला."

तिचा हात तसाच हवेत राहिला. मग तिनं मूठभर जवळा कागदात बांधून माझ्या पिशवीत कोंबला. मी श्रावण-भाद्रपदात मासळी घरात घेत नाही हे तिला माहीत होतं. मीही तिला थांबवलं नाही. वाटेत कुणाला तरी दिला.

रघूनं मूर्ती स्वतः केली. सोंड चांगली ठसठशीत, पायाशी उंदीर. "ह्या मूर्तीत एकबी छिद्र नाय," मला सांगून गेला, "आणि ह्यावेळी ते बरोबर हाय."

साखरचौथीच्या पहाटे आंघोळ करून मी देवाला दिवा लावला. उपास होता, चंद्र दिसेपर्यंतचा. आदल्या दिवशी हमरापूरहून आणलेली मूर्ती मागे पेंढ्यात बसवलेली, तोंडावर रुमाल. गुणाजी तिला पकडून बसला. मी तबक घेऊन गाडीभोवती फिरले. चाकं, दिवे, दारं, स्टीअरिंग, माझा आखूड दांडा. टाकीपाशी आले, झाकणाकडं बघितलं आणि पुढं गेले. हे आतून बघत होते. ते हसले.

गावात कुणी उठायच्या आत आम्ही बाहेर पडलो. हमरस्ता सोडला, खाडीकडं वळलो. पाऊस नव्हता, पण रात्री पडून गेलेला. पुढं डांबर संपत होतं आणि त्याच्यापलीकडं चिखल चकाकत होता. दूर बांधावर बारीक बारीक माणसं उभी दिसली. यांनी वेग कमी केला आणि माझ्याकडं बघितलं.

डांबर अजून चाकांखाली होतं. मी दांड्यावर हात ठेवला आणि ओढला.